पेंड, पोती दोन

सिद्धलिंग कोरेच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, नोंद झालेल्या आणि न झालेल्या. दुसऱ्या प्रकारावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. त्याची बायको भुवनेश्वरी म्हणायची, "आमचं लग्न झालंय हे पटायला ह्यांना अजून दाखला काढून बघावा लागतो." तो हसायचा आणि दाखला कुठल्या फायलीत आहे ते सांगायचा.

सोलापूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या टोकाला, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा एक कारखाना होता. सिद्धलिंग तिथे सतरा वर्षं स्टोअर सांभाळत होता. गेल्या वर्षापासून सांडपाण्याचा नवा प्लांटही त्याच्याच गळ्यात पडला होता. गळ्यात पडला म्हणायचं एवढंच, खरं तर तो त्याने हौसेने घालून घेतला होता, कारण नव्या प्लांटला सात नवी रजिस्टरं लागणार होती.

प्लांट उभा करायला हुबळीहून चंद्रिका नावाची इंजिनिअर आली होती. वय तिशीच्या आत, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि चुकलं तर मालकालाही सुनावणारी. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत दारू काढून झाली की खाली यीस्ट उरतं. ते वाळवून पोत्यांतून यायचं. बॅटऱ्या धुतलेल्या पाण्याचा आंबटपणा आधी चुन्याने मारायचा, मग त्यात हे यीस्ट टाकून तासभर घुसळायचं. पाण्यातलं शिसं यीस्टला चिकटतं. मग ते पाणी मेम्ब्रेनमधून ओढायचं. हे मेम्ब्रेन म्हणजे शेवयांचे पांढरे झुबके. प्रत्येक शेवई आतून पोकळ आणि तिच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं. पाणी आत शिरतं, यीस्ट शिशासकट बाहेर राहतं.

"मेलेलं यीस्ट शिसं खातं कसं हो मॅडम?" सिद्धलिंगने विचारलं होतं.

"खात नाही. नुसतं अंगाला चिकटवून घेतं."

"कळलं. आमच्या मालकांच्या मेव्हण्यासारखं."

चंद्रिका हसली होती, पण लगेच गंभीर होऊन म्हणाली होती, "कोरे, एक लक्षात ठेवा. पाणी स्वच्छ झालं म्हणजे शिसं गेलं असं नाही. आधी ते हजारो लिटर पाण्यात पसरलेलं होतं, आता ते एका पोत्यात बसलंय. पाण्यापेक्षा पोत्याला भ्या."

बाहेर राहिलेलं यीस्ट दाबून, पिळून, उन्हात वाळवलं की त्याच्या तपकिरी वड्या पडत. चंद्रिकाच्या इंग्रजी कागदात त्याला 'केक' म्हटलं होतं. त्या कागदाचं मराठी करून प्लांटवर फलक लावायचं काम सिद्धलिंगकडे आलं. तो दोन दिवस केकपाशी अडून बसला. केक म्हटलं की कामगार विचारत, कुणाचा वाढदिवस? 'गाळ' लिहावं तर गाळ ओला असतो, आणि गटाराच्या गाळाचं रजिस्टर आधीच वेगळं होतं. शेवटी त्याने शब्दकोश उघडला, आणि 'ऑइल केक'समोर उत्तर तयारच होतं. तेल गाळून उरते ती पेंड. मग पाणी गाळून उरते ती पेंड का नाही?

फलकावर सुरेख अक्षरांत आलं, 'तयार पेंड वाळवून पोत्यांत भरावी. पोती मोजून नोंद करावी.' घातक हा शब्द चंद्रिकाच्या कागदाच्या मथळ्यात होता. मथळा फलकावर घेतला नाही, कारण मथळा ही काही कामाची पायरी नव्हे.

चंद्रिकाने फलक वाचला. "पेंड म्हणजे आमची हिंडीच ना? कोरे, कुणी म्हशीला घातली तर?"

"मॅडम, इथे म्हशी नाहीत. कामगार आहेत, आणि ते फक्त माझं डोकं खातात."

ती पुन्हा हसली, आणि चार दिवसांनी हुबळीला निघून गेली.

प्लांट मात्र झकास चालला. पूर्वी कारखान्यामागच्या ओढ्याला राखाडी रंग असायचा, तो गेला. पाण्याचे अहवाल मर्यादेच्या आत येऊ लागले. सरकारी अधिकारी तपासणीला आले तेव्हा त्यांनी मराठी फलकाचा फोटो काढून घेतला आणि सिद्धलिंगच्या पाठीवर थाप मारली. पेंड ठेवायला झाकणाची पिंपं आणली होती ती तीन महिन्यांत भरली. घातक कचरा नेणारी गाडी पूर्ण भरती झाल्याशिवाय यायची नाही. मालक दिग्विजयराव म्हणाले, "नवी पिंपं कशाला? यीस्टची पोती रिकामीच पडलीत की." त्या पोत्यांवर हिरव्या शाईत 'पशुखाद्य' छापलेलं होतं आणि एका गुबगुबीत गाईचं चित्र होतं. कारण तेच यीस्ट डिस्टिलरीवाले एरवी जनावरांसाठी विकत. सिद्धलिंगने पोत्यांवर अनुक्रमांक टाकले. गाईचं चित्र त्यालाही दिसलं होतं. पण रजिस्टरमध्ये चित्राचा रकाना नव्हता.

फाटकावर महिपती म्हेत्रे हा वॉचमन होता. साठी उलटलेला, मंद्रूपचा, रोज पहिल्या एसटीने यायचा. त्याच्याइतका सरळ माणूस कारखान्यात दुसरा नव्हता. जमिनीवर पडलेला खिळा सापडला तरी तो आणून स्टोअरमध्ये जमा करायचा आणि सिद्धलिंगकडून नोंद करून घ्यायचा. त्यामुळे दोघांचं जमायचं. त्याच्या घरी बायको बजाबाई, सून रेश्मा आणि चौदा महिन्यांचा नातू शिवू. मुलगा सयाजी पुण्याला ट्रक चालवायचा. दावणीला दोन म्हशी, एक दुभती, एक गाभण.

मार्चच्या पहिल्या सोमवारी वरून मोठे साहेब तपासणीला येणार होते. सिद्धलिंग सकाळपासून कागदांच्या मागे पळत होता. शेडबाहेर पेंडीची दोन पोती उंदरांनी कुरतडून ठेवली होती. महिपती मध्येच आडवा आला.

"अण्णा, त्या पेंडीच्या दोन पोत्यास्नी उंदरं लागल्याती. वाया जायाच्या आधी उचलू का मी?"

साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला होता. सिद्धलिंगला वाटलं, शेडमध्ये उचलून ठेवू का म्हणून विचारतोय. "उचला मामा, उचला. पण नोंद करा."

महिपतीने नोंद केली. फाटकाच्या रजिस्टरमध्ये त्याच्या तिरक्या अक्षरात आजही ती आहे. म्हणजे होती. 'पेंड, पोती दोन, उचलली, सांगणार कोरे अण्णा.' संध्याकाळी एका ओळखीच्या टेम्पोतून ती पोती मंद्रूपला गेली. तपासणी उत्तम झाली.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी महिपती आला नाही. शनिवारी आला तो उशिरा, साडेअकराच्या सुमाराला, डोळे तांबारलेले. सिद्धलिंग फाटकावर रजिस्टर घ्यायला गेला होता.

"काय मामा, दांडी? तुमच्या नावापुढं सतरा वर्षांत पहिल्यांदा लाल शाई वापरायला लावली मला."

"म्हस गेली, अण्णा. गाभण हुती ती." महिपती खुर्चीत बसला. "आदी दात खायाला लागली. मग आंधळी झाली. डोळं उगडं, पर दिसंना. गोट्याच्या भितीला डोस्कं लावून नुसती रेटायची. रातभर रेटली. कपाळ फुटलं तरी रेटायची. जनावरांचा डाक्टर म्हनला मेंदूत काय तरी झालंय. लोक म्हनत्यात पिसाळली. पिसाळलं जनावर पानी बघून भितंय, ही तर बादलीत त्वांड घालून हुबी हुती."

"काय खाल्लं काय तिनं?"

"काय खानार? रोजचंच. आन वर तुमची पेंड. गाभण म्हनून तिला जास्त घातली, मूठभर दुभतीला. लई आवडीनं खायच्या. पावासारका वास येतुय तिला."

सिद्धलिंगच्या हातातलं पेन थांबलं. त्याने फाटकाच्या रजिस्टरची पानं मागे उलटली. दोन मार्च. पेंड, पोती दोन. आज चौदा. मग त्याने स्टोअरचं रजिस्टर मनातल्या मनात उघडलं. पोतं पंचवीस किलोचं. एका किलोत शिसं किती बसतं, तो आकडा चंद्रिकाने एकदा सांगितला होता. त्या वेळी त्याने तो कौतुकाने लिहून घेतला होता.

"उरली असेल ती घालू नका मामा. परत आणा."

"उरतीया कुटं, संपली की. का वो?"

"तशीच. उंदरांची होती ना." सिद्धलिंगने रजिस्टर मिटलं. "दुसरी म्हैस बरी आहे?"

"हाय. दूद जरा कमी आलंय. पर नातवापुरतं निगतंय. रेश्माला अंगावर दूद न्हाय, पोरगं वरच्याच दुदावर हाय."

सांगायचं ते इथेच, एका वाक्यात सांगता आलं असतं. सिद्धलिंगने ते वाक्य मनात जुळवलंही. पण त्या वाक्यात 'मी' हा शब्द दोनदा येत होता. तो म्हणाला, "आलोच," आणि मालकांच्या केबिनकडे चालू लागला.

दिग्विजयरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. कामगारांच्या पोरींच्या लग्नाला जायचा, जेवून यायचा. तो म्हणाला, "कोरे, म्हैस मेली. आपण सांगून ती उठणार आहे का? दुसरी घेऊन देऊ."

"साहेब, दुसरीचं दूध पोरगं पितंय. वर्षाचं."

दिग्विजयरावांनी पंख्याकडे बघितलं. "सोमवारी मी आपला माणूस पाठवतो मंद्रूपला. नीट समजावून सांगेल. तुम्ही घाईत काहीतरी बोलून बसाल, मग गाव येईल फाटकावर, मग अधिकारी, मग कुलूप. साठ घरं आहेत या कारखान्यावर. आणि हे बघा, पेंड हा शब्द कुणी लिहिला? मी? उचला म्हणून कुणी सांगितलं? मी तुम्हालाच वाचवतोय."

मग कामाचं सांगितलं. प्लांटचा फलक उतरवायचा. रविवारी येऊन पेंडीचं आणि फाटकाचं अशी दोन रजिस्टरं नव्याने उतरवायची. जिथे पेंड तिथे 'घातक गाळ'. त्रेचाळीस पोत्यांच्या जागी एक्केचाळीस. दोन मार्चची ती ओळ मुळी नाहीच.

आता सिद्धलिंगचं हे काम बघा. सतरा वर्षांत त्याने खोटी नोंद कधी केली नव्हती, पण करायला बसला तेव्हा हात जरासुद्धा कापला नाही. रविवारी सकाळी नऊला बसला, दुपारी डबा खाल्ला, पाचला उठला. तीन वेगवेगळी पेनं वापरली, म्हणजे शाई एकसारखी दिसू नये. महिपतीची तिरकी अक्षरं तर त्याने अशी काढली की महिपतीलाच ती आपली वाटली असती. प्रत्येक पान उलटताना तो स्वतःला सांगत होता की पेंड तर संपलीच आहे, आता पोटात नवं काही जाणार नाही, माणूस उद्या जाणारच आहे. जुनी रजिस्टरं मालकांच्या गाडीच्या डिकीत गेली. नवीन रजिस्टरं पहिल्यांपेक्षा नीटनेटकी झाली होती, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला ते आवडलं हेही.

सोमवारी दुपारी त्याने मालकांना विचारलं, "माणूस गेला का साहेब?"

"बघतो," दिग्विजयराव फोन कानाला लावून म्हणाले.

संध्याकाळी घरी भुवनेश्वरीने विचारलं, "तब्येत बरी नाही का? ताटातलं मोजताय नुसतं." त्याने मग तिला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ती कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, "आणि तुम्ही घरी येऊन जेवायला बसलात." तिने आपलं ताट उचललं आणि आत नेलं.

मंगळवारी सकाळी तो कारखान्याकडे न जाता मंद्रूपच्या एसटीत बसला.

म्हेत्र्यांचं घर गावाच्या कडेला होतं. मंगळवार त्याच्या सुट्टीचा, महिपती ओट्यावर दाढी करत होता. गोठ्याची भिंत हातभर उंचीवर काळपट झाली होती आणि तिथला गिलावा गळून आतली वीट उघडी पडली होती. दुभती म्हैस त्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. वैरण पुढ्यात तशीच. शिवू उघडाच, गोठ्याच्या दारात बसून पेंडीच्या रिकाम्या टोपल्यात हात घालत होता आणि बोटं चोखत होता.

"या अण्णा, या की!" बजाबाई पदर सावरत बाहेर आली. "बसा. म्हस गेल्याचं बघायला कारखान्यातनं तुमीच तेवढं आलासा बगा. रेश्मा, अण्णास्नी च्या टाक. बिनपान्याचा टाक. न्हाय तर शेरातली मानसं म्हनत्याल, मंद्रूपात च्या पाजला न्हवं, रंग दावला."

"नको मावशी."

"नको कसं? दुदाची चनचन हाय म्हनून बगतासा व्हय? तुमास्नी घोटभर दिल्यानं माजा नातू उपाशी मरत न्हाय."

रेश्माने कप आणून पुढे ठेवला. वर दाट साय होती. एका हातात पोराची बाटली होती, तीही तिने त्याच पातेल्यातून भरली होती. तिने पोराला मांडीवर घेतलं. पोर अंगाने मऊ पडलं होतं आणि कुरकुरत होतं.

"दोन दिस झालं, पोट दुकतंय वाटतं त्याचं," ती म्हणाली. "हागायलाच न्हाय. रडतंय नुसतं."

"अण्णा, च्या निवतोय," महिपती म्हणाला.

सिद्धलिंगने कप उचलला. ओठापर्यंत नेला. बजाबाई कौतुकाने बघत होती. त्याने कप खाली ठेवला, आणि उठून रेश्माच्या हातातली बाटली काढून घेतली. पोराने भोकाड पसरलं.

"हे दूध देऊ नका त्याला. ती पेंड नव्हती. त्यात शिसं होतं. बॅटरीतलं शिसं. म्हैस त्यानेच गेली. ते दुधात उतरतं."

मग महिपती, गालावर साबण तसाच, म्हणाला, "पेंड न्हवती?"

"नाही मामा."

"बोर्डावर तुमीच लिवलंय की."

"हो."

"मी तुमास्नी इचारून उचलली. लिवून उचलली."

"हो मामा. तुमची काही चूक नाही."

"आन ह्यानं खाल्ली तर?" बजाबाईचा आवाज फाटला. "मी म्हशीचं अंबवण कालवताना हे माज्या म्होरं बसायचं. मुटी भरून तोंडात घालायचं. मी हसायचे. वास ग्वाड येतुय म्हनून खातंय म्हनायचे."

हे सिद्धलिंगच्या हिशोबात नव्हतं.

दुपारी ते सोलापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात होते. महिपती बाहेर बाकावर बसला, साबण वाळून त्याच्या अर्ध्या गालावर पांढरा पापुद्रा धरला होता. आत डॉक्टरीण बाईंनी पोराचं पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या, रक्त काढलं. रक्तातलं शिसं मोजायला नमुना बाहेर पाठवावा लागेल, चार दिवस लागतील, पण त्या थांबणार नव्हत्या. पोटाचा फोटो लगेच काढायला सांगितला. फोटोत आतड्यांत पांढरे ठिपके दिसले, तिळाएवढे.

"वाचेल का?" रेश्माने विचारलं.

"वाचेल. आतडं साफ करू, रक्तातलं शिसं काढायचं औषध देऊ. जीवाला सध्या धोका दिसत नाही." डॉक्टरीण बाई थांबल्या. "पण शिसं लहान मुलाच्या मेंदूत जातं. जेवढं तिथे पोचलं त्याचं औषध नाही. बोलायला उशीर, शिकायला अडचण, काय होईल ते मोठा होईल तसं कळेल. म्हणून मला नेमकं सांगा. पोटात काय, किती आणि कधीपासून कधीपर्यंत. काही कागद आहे?"

सिद्धलिंगला ते पान डोळ्यांपुढे दिसलं, तिरक्या अक्षरातलं. ते आता नव्हतं. ज्याच्या हातून जगातली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली गेली, त्याने हीच एक खोडली होती.

"कागद नाही. तोंडी सांगतो, लिहून घ्या. खाली मी सही करतो." आणि त्याने सांगितलं. पोती दोन, पंचवीस किलो. दोन मार्चच्या संध्याकाळपासून. पेंड संपली तेरा मार्चला. नवीन रजिस्टरं खोटी आहेत, तेही त्याने सांगितलं, आणि कुणाच्या अक्षरात आहेत तेही.

डॉक्टरीण बाई लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला हे कळलं केव्हा?"

रेश्मा पोराच्या अंगावरून हात फिरवत होती. तिचा हात थांबला.

खोटं बोलायला जागा होती. आज सकाळी, एवढंच म्हणायचं. कुणी तपासणार नव्हतं.

"शनिवारी," सिद्धलिंग म्हणाला. "साडेअकराला."

"आज मंगळवार आहे."

"हो."

रेश्माने त्याच्याकडे बघितलं नाही. ती बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवून पुटपुटत मोजायला लागली. "शनवारी दुपारी येक. रातीला येक. ऐतवारी सकाळी, दुपारी, रातीला. पाच. सोमवारी तीन. आज पाटं, हे याच्या आदी, येक. नऊ." मग तिचा अंगठा मागे सरकला. "न्हाय. ऐतवारी दुपारी ते झोपलं हुतं. तवा न्हाय पाजली. आठ."

"आठ काय?" डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

"बाटल्या," रेश्मा म्हणाली. "ह्यास्नी ठावं झाल्यावरच्या."

डॉक्टरीण बाईंनी आठ लिहिलं आणि कागद सहीसाठी सिद्धलिंगपुढे सरकवला.